शिकणं मोबाईलवर होऊ दे, परीक्षा मात्र तालुक्यात घ्या

नोकरी लागली की शिकणं संपलं, असं आता कुठल्याच धंद्यात राहिलेलं नाही. डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं तर ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात, नर्सना सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना पुढे शिकल्याचे, तास दाखवावे लागतात, शिक्षकांना २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण सांगितलंय, आणि बोटीवर जाणाऱ्या पोरांचं तर रिफ्रेशर झालेलं नसेल तर पुढचं जॉइनिंगच अडतं. यातलं बरंचसं ऑनलाइन आलंय, उरलेलं येतंय. मी गुहागर तालुक्यात ई-सेवा केंद्र चालवते, सातबारा, उत्पन्नाचे दाखले, फॉर्म भरणं ही रोजची कामं, पण अलीकडे माझ्याकडे एक वेगळंच गिऱ्हाईक वाढलंय, ते म्हणजे कोर्स करायला येणारी नोकरदार माणसं. कुणाचं लॉगिन होत नाही, कुणाचं मोड्युल शेवटाला येऊन अडकलंय, कुणाला सर्टिफिकेटची प्रिंट हवी. या सगळ्यांना जवळून बघून माझं एक मत पक्कं झालंय आणि ते सरळच सांगते. शिकवणं ऑनलाइन न्या, जितकं नेता येईल तितकं न्या. पण सर्टिफिकेट देताना त्या माणसाचं काम दुसऱ्या जाणत्या माणसाने डोळ्यांनी बघितलंच पाहिजे, आणि ते बघणं मुंबई-पुण्यात नको, तालुक्यात व्हायला हवं.

आधी ऑनलाइनमुळे काय मिळालं ते बोलू, कारण शहरात राहणाऱ्यांना त्याची किंमत कळत नाही. पूर्वी ट्रेनिंग म्हटलं की रत्नागिरी, नाहीतर पुणे, नाहीतर मुंबई. आमच्या इथून कुठेही जायचं तर एखादा घाट नाहीतर एखादी खाडी मध्ये येतेच, दापोलीला जायचं तरी धोपाव्याला जाऊन फेरीबोट गाठा, मुंबईला जायचं तर रात्रीची एसटी नाहीतर चिपळूणला जाऊन रेल्वे. बाईमाणूस नोकरीला असेल तर घरी सासू-सासरे, शाळेतली मुलं, गोठ्यात एखादी गाय, हे सगळं कुणावर तरी टाकून चार दिवस बाहेर राहायचं. म्हणून कितीतरी हुशार बायकांनी पुढचं शिकणंच सोडून दिलं, प्रमोशनसाठी लागणारे कोर्स टाळले, आणि मग लोकांनी म्हटलं की बायकांना पुढे जायचंच नसतं. त्याच बायका आता कानात इअरफोन घालून भाकऱ्या थापता थापता लेक्चर ऐकतात, रात्री सगळे झोपले की टेस्ट देतात. १९८९ साली नाशिकचं मुक्त विद्यापीठ सुरू झालं तेव्हा घरी पुस्तकं यायला लागली ही पहिली पायरी होती, आता शिकवणारा मास्तरच घरी आलाय. २००३ साली आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीने मिळून ऑनलाइन कोर्सचं एनपीटीईएल सुरू केलं, २०१७ च्या जुलैत केंद्र सरकारचं स्वयम पोर्टल आलं, त्यामुळे वेलदूरच्या मच्छीमार घरातली मुलगी आयआयटीच्या प्राध्यापकाचं शिकवणं फुकट ऐकू शकते, समजलं नाही तर मागे जाऊन परत ऐकू शकते. वर्गात परत सांगा म्हणायची तिची हिंमत झाली नसती. हे मला खरोखर फार मोठं वाटतं आणि ते कुणी हिरावून घेऊ नये.

आता दुसरी बाजू.

माझ्या केंद्रात कोपऱ्यातल्या टेबलावर शिक्षिका बसतात. व्हिडिओ चालू असतो, आवाज बंद, मोबाईल पंचिंग मशीनला टेकून उभा केलेला, आणि मॅडम खाली मान घालून चौथीच्या वह्या तपासतायत. मध्येच मला विचारतात, "ताई, हा व्हिडिओ पुढे ढकलता येतो का हो?" येत नाही, कारण ॲपवाल्यांनी तसं बंद केलंय, पूर्ण चालला तरच पुढचा भाग उघडतो. मग तो चालतो, पूर्ण चालतो, खालची रेघ भरत जाते, आणि शेवटी पाच-दहा प्रश्न येतात त्यांची उत्तरं व्हॉट्सॲप ग्रुपवर कालच आलेली असतात. टिक, टिक, टिक, सबमिट, सर्टिफिकेट. आणि या मॅडम काही कामचुकार नाहीत हो, मी त्यांना ओळखते, दोन शिक्षकी शाळा आहे त्यांची, चार वर्ग, त्यात खिचडीचा हिशोब, यू-डायस पोर्टलवर शाळेची माहिती भरणं, मतदार यादीचं बीएलओचं काम. शिकायला वेळ कुणी दिलाच नाही, फक्त पूर्ण करायची शेवटची तारीख दिली. यंत्रणेने व्हिडिओची मिनिटं मागितली, त्यांनी मिनिटं दिली.

२०१७ मध्ये शाळांसाठीचं दीक्षा पोर्टल आलं, २०१९ मध्ये शिक्षकांचं निष्ठा प्रशिक्षण सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी कोविडमुळे तेही ऑनलाइन गेलं, २०२२ मध्ये बारा आणि चोवीस वर्षं सेवा झालेल्या शिक्षकांचं वरिष्ठ श्रेणी आणि निवड श्रेणीचं प्रशिक्षण ऑनलाइन झालं. या सगळ्यात चांगलं साहित्य होतं, काही व्हिडिओ तर मी स्वतः बसून बघितले, लहान मुलांना गणितातली संख्यांची ओळख कशी करून द्यायची यावरचा एक भाग इतका छान होता की मी माझ्या भाच्यासाठी तो वापरला. पण तो भाग बघून मॅडमनी वर्गात काय बदललं, हे विचारायला कुणी आलं नाही. यायला हवं होतं. केंद्रप्रमुखाने अर्धा तास वर्गात मागे बसून शिकवणं बघितलं असतं तर पन्नास व्हिडिओंपेक्षा जास्त कळलं असतं, त्यांनाही आणि मॅडमनाही. आणि पगाराची श्रेणी ज्या प्रशिक्षणावर अवलंबून आहे तिथे फक्त पूर्ण झाल्याची खूण बघितली तर माणसं खूणच मिळवणार ना. काही जण तर मलाच म्हणतात, तुम्हीच करून टाका, काय ते पैसे घ्या. मी करत नाही. पण करणारे असतातच, आणि कोण बसलं होतं स्क्रीनसमोर हे सर्टिफिकेटवर कुठे दिसत नाही.

यावर जुनी माणसं म्हणतात की म्हणूनच पूर्वीची वर्कशॉपं चांगली होती. मला ते पटत नाही. त्या वर्कशॉपांत सकाळी सही, अकराला चहा, दुपारी जेवण, जेवण झाल्यावर शेवटची एसटी चुकेल म्हणून निम्मे लोक गायब, आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखंच प्रमाणपत्र. तासच मोजत होते तेव्हाही. मोजण्याची पद्धत तीच ठेवून नुसती जागा बदलली, हॉलमधून मोबाईलवर आणली, आणि त्याला आधुनिकीकरण म्हटलं. मोजायचं काय हा प्रश्न तसाच राहिला.

महाराष्ट्राला या बाबतीत स्वतःचा अनुभव आहे आणि तो आपण विसरतो. २००१ साली एमकेसीएल ही कंपनी आली आणि एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स सुरू झाला. त्याला नावं ठेवणारे खूप, सरकारी नोकरीसाठी सक्ती झाली म्हणून लोकांनी नाइलाजाने केलं, कित्येकांची वेतनवाढ त्यावरून अडली, हे सगळं खरंय. तरी मी म्हणेन की त्याच्यात दोन गोष्टी बरोबर होत्या. एक, केंद्र बाजारपेठेत होतं. तालुक्याच्या गावात, कधीकधी त्याहून लहान गावात, एका गाळ्यात आठ-दहा कॉम्प्युटर मांडलेले, आणि शेजारच्या वाडीतली मुलगी चालत येऊन शिकू शकत होती. मी स्वतः तशाच एका केंद्रात माउस पहिल्यांदा हातात धरला. दुसरी गोष्ट, जे शिकायचं होतं त्याचीच परीक्षा होती. कॉम्प्युटर शिकायचा आणि परीक्षाही कॉम्प्युटरवर, म्हणजे फाइल सेव्ह करता येते की नाही हे फाइल सेव्ह करायला लावूनच बघायचं. टायपिंगचंही तेच, मिनिटाला किती शब्द ते टाइप करूनच कळतं. पण नर्सचं काम स्क्रीनवर नाही, खलाशाचं नाही, वायरमनचं नाही, आणि त्यांची परीक्षाही चार पर्यायांपैकी एकावर टिक करून घेतली तर ती कशाची परीक्षा झाली?

बोटीवरच्या पोरांचं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गुहागर, दापोली, मंडणगड, खेड, या पट्ट्यात घराघरात कुणीतरी शिपवर आहे, आजोबा पण होते. त्यांचं सगळं चालतं एसटीसीडब्ल्यू नावाच्या आंतरराष्ट्रीय करारावर, १९७८ चा आहे, २०१० मध्ये मनिलाला त्याच्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या, त्या २०१२ पासून लागू झाल्या. त्यानुसार समुद्रात जीव वाचवण्याचं आणि आग विझवण्याचं कौशल्य अजून अंगात आहे हे दर पाच वर्षांनी दाखवावं लागतं. दाखवायचं म्हणजे काय? लाइफजॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारायची. उलटा पडलेला लाइफराफ्ट, म्हणजे जीव वाचवायचा फुगवलेला तराफा, सरळ करायचा, म्हणजे गॅसच्या सिलिंडरच्या बाजूला पाय रोवून, तळाचे पट्टे दोन्ही हातांनी धरून, सगळं अंग मागे टाकायचं, मग तो राफ्ट वर उचलला जातो आणि सरळ होताना तुमच्याच अंगावर येतो, त्याच्याखालून न घाबरता बाहेर निघायचं. एका पोराने मला सांगितलं की पहिल्यांदा तो राफ्ट डोक्यावर आला तेव्हा पुस्तकातलं सगळं विसरलो, अंधार झाला आणि नाकात पाणी गेलं, दुसऱ्या वेळी मात्र हात आपोआप पट्ट्यांवर गेले. हे दुसऱ्या वेळचं जे आहे ना, तेच तर सर्टिफिकेट आहे.

आणि या कराराच्या कोडमध्ये एक शहाणपणाची गोष्ट आहे. त्यांनी वाटणी करून ठेवलीय. काही गोष्टींचा सराव बोटीवर झाला असेल तर तो मानता येतो, जसं लाइफजॅकेट घालणं किंवा श्वासाचं उपकरण लावून धुरात शिरणं. पण उंचावरून उडी, उलटा राफ्ट, पोहणं, हे त्या यादीत नाही, ते किनाऱ्यावर येऊन करून दाखवायचं. म्हणजे कुठली गोष्ट कुठे तपासायची हे कौशल्य बघून ठरवलंय, कुणाच्या सोयीने ठरवलेलं नाही. कोविडमध्ये डीजी शिपिंगने, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजांच्या खात्याने, काही कोर्सचा थिअरीचा भाग ऑनलाइन करू दिला तेव्हा सुट्टीवर आलेल्या पोरांना केवढा दिलासा मिळाला. नाहीतर सात-आठ महिने बोटीवर काढून माणूस घरी येतो आणि त्यातले कितीतरी दिवस नवी मुंबईत कॉटबेसिसवर राहून काढतो, कोर्सची फी वेगळी, खोलीचे पैसे वेगळे, आणि बायको म्हणते हा आला काय नि गेला काय. थिअरी घरी बसून केली आणि प्रॅक्टिकलपुरतंच जायचं असं कायमचं ठरलं तर अर्धा त्रास तिथेच संपेल. आणि ते प्रॅक्टिकल इथेच, या किनाऱ्यावर व्हायला काय हरकत आहे? सातशे किलोमीटरहून जास्त किनारा आहे महाराष्ट्राला, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दाभोळसारखी बंदरं आहेत. एक चांगला तलाव, दोन राफ्ट, आगीच्या सरावाची एक शेड आणि मान्यता असलेले ट्रेनर, एवढं दक्षिण रत्नागिरीत एक आणि उत्तरेला एक असं झालं तरी हजारो घरांचा फायदा आहे.

नर्सचं सांगते. उपकेंद्रातल्या एक सिस्टर माझ्याकडे सीएनईच्या ऑनलाइन सेशनचं सर्टिफिकेट प्रिंट करायला आल्या होत्या, विषय होता जन्मल्यावर न रडणारं बाळ. मी सहज म्हटलं, छान समजावलं असेल ना. त्या म्हणाल्या, "समजलं सगळं गो, पण व्हिडिओ बघून काय होणारे, हात चालला पायजे." मग त्यांनी माझ्या टेबलावरचा पाण्याचा जग घेऊन मला दाखवलं की बाळाची हनुवटी किती उचलायची, जास्त मागे गेली तरी श्वासनलिका दबते, मास्क नाक-तोंडावर कसा बसवायचा, अंगठा आणि पहिलं बोट मास्कवर आणि बाकीची बोटं जबड्याखाली. मास्क एका बाजूने जरा उचलला गेला की हवा तिथूनच निघून जाते, तुम्ही फुगा दाबत राहता आणि बाळाची छाती वर येतच नाही. आणि वेळ किती असतो, तर पहिलं मिनिट. त्या मिनिटात बाळ श्वास घ्यायला लागलं पाहिजे नाहीतर तुमच्या हाताने त्याला श्वास द्यायला सुरुवात झाली पाहिजे, मिनिटाला चाळीस ते साठ. हे रबरी बाहुलीवर दर काही महिन्यांनी करायला मिळालं नाही तर हात विसरतो, आणि आमच्या उपकेंद्रांत बाळंतपणं आता फार होत नाहीत, म्हणजे सरावही नाही. अशा बाईला चार पर्यायांचे प्रश्न विचारून पाच वर्षांसाठी तयार आहे म्हणणं हे तिच्यावरही अन्याय आणि बाळावरही.

फुरसं चावल्याचंही तसंच. कोकणात हा विषारी साप किती आहे हे सांगायला नको, आंब्याच्या बागेत, चिऱ्याच्या गडग्यात, कुठेही. त्याच्या विषाने रक्त गोठायचं बंद होतं, आणि ते ओळखायची एक साधी तपासणी आहे, कोरड्या स्वच्छ काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग तिरकं करून बघायचं. गोठलं नसेल तर विष चढलंय. ट्यूब प्लास्टिकची घेतली किंवा मध्येच कुणी हलवून बघितली तर निष्कर्ष चुकतो. यात कुठलीही मशीन नाही, महागडं काही नाही, पण शिस्त आहे, आणि ती शिस्त हातात आहे की नाही हे शेजारी उभं राहूनच कळतं.

इथे एक गोष्ट म्हणाविशी वाटते. आपल्याकडे वरून येणाऱ्या कोर्समध्ये देशभर चालेल असं सरासरी काहीतरी असतं, आमच्या भागाचं फार कमी. वास्तविक कोकणातून ज्ञान बाहेर गेलंय. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, लाल विंचू चावून माणसं, विशेष करून मुलं, डोळ्यांसमोर मरताना त्यांनी बघितली, आणि ब्लडप्रेशरसाठी वापरलं जाणारं प्राझोसिन त्यावर चालतं हे त्यांनी पेशंटजवळ रात्र रात्र बसून शोधलं, लॅन्सेटसारख्या जगातल्या मोठ्या जर्नलमध्ये ते छापून आलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका पीएचसीत झालेलं हे काम आहे. २०१६ मध्ये दोडामार्गला माकडताप आला तेव्हा तिथल्या आरोग्यसेविकांनी जे बघितलं, काजूच्या बागेत जाणाऱ्यांना काय सांगितलं, लावणीच्या दिवसांत लेप्टोच्या तापाचा पेशंट आधी कसा ओळखतात, हे सगळं रेकॉर्ड करून त्याचे कोर्स का होऊ नयेत, मराठीत, त्यांच्याच तोंडून? मोबाईलवर शिकवण्याचा खरा फायदा हाच आहे की शिकवणारा मोठ्या शहरातलाच असायला लागत नाही.

आता परीक्षेची जागा. महर्षी कर्वे आमच्या पलीकडच्या मुरुडचे, दापोली तालुक्यातले. लहान वयात एका सरकारी परीक्षेला बसायला ते मुरुडहून पायी साताऱ्याला गेले होते, शंभर मैलांच्या वर, पावसात, घाट चढून. आणि तिथे पोचल्यावर वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. पुढे त्याच माणसाने १९१६ मध्ये बायकांसाठी विद्यापीठ काढलं. दीडशे वर्षं होत आली या गोष्टीला, आणि अजून आमच्या मुलांना कुठल्याही परीक्षेला केंद्र मिळतं ते घाटापलीकडे नाहीतर मुंबईत. एनपीटीईएलची पद्धत मला त्या मानाने बरी वाटते, शिकणं फुकट आणि ऑनलाइन, सर्टिफिकेट हवं असेल तर हजार रुपये भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची, ७५ मार्क त्या परीक्षेचे आणि २५ असाइनमेंटचे. म्हणूनच त्या सर्टिफिकेटला किंमत आहे. फक्त ते केंद्र आमच्या जवळ पाहिजे.

यावर उपाय म्हणून काही जण घरूनच कॅमेऱ्यासमोर परीक्षा घ्या म्हणतात, कॅमेरा तुमच्यावर लक्ष ठेवेल, मान वळवली की वॉर्निंग. हे ज्यांनी सुचवलं त्यांनी पावसाळ्यात कोकणात एक आठवडा राहून बघावं. आमच्याकडे अजूनही काही वाड्या अशा आहेत की रेंज हवी तर सड्यावर चढून जावं लागतं, खाली घरात काही येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मंडणगड-दापोलीकडे काही गावांत कित्येक आठवडे लाइट नव्हती, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. वादळाचं सोडा, साधा पाऊस झोडपायला लागला की लाइट जाते. परीक्षा चालू असताना नेट गेलं की पोर्टल समजतं तुम्ही पळून गेलात. आणि घर म्हणजे काय, मधली खोली, तिथे टीव्ही, तिथेच आजी झोपलेली, मागून कुणीतरी चालत गेलं की कॅमेरा म्हणणार खोलीत दुसरा माणूस आहे. असल्या परीक्षेत नापास होतात ते गरीब घरातले, आणि चोरी करणारा तरीही करतोच.

त्यापेक्षा जे आहे ते वापरा. बहुतेक तालुक्यांत सरकारी आयटीआय आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, सरकारच्या भारतनेटची इंटरनेटची फायबर कित्येक ग्रामपंचायतींपर्यंत आलीय, आणि वाचनालयं आहेत. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं आहे, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं, अशा ठिकाणी दोन शांत केबिन आणि इन्व्हर्टर दिला तर अभ्यास करायला आणि लेखी टेस्ट द्यायला जागा झाली. हाताची परीक्षा आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये आणि ग्रामीण रुग्णालयात. वेळापत्रक तेवढं इथलं धरा, मार्च ते मे आंब्याचे दिवस, त्यात घरातलं कुणी मोकळं नसतं, शिमगा आणि गणपतीत तर ट्रेनिंग ठेवूच नका, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा मच्छीमार बोटींवरची सगळी माणसं घरी असतात, ते दोन महिने शिकण्यासाठी सोन्यासारखे आहेत. अजून कुणी ते वापरताना मी बघितलं नाही.

त्या दोन महिन्यांत मला सगळ्यात आधी इंजिनचे मेकॅनिक परीक्षेला बसलेले बघायचेत. जेट्टीवर असा एक तरी माणूस असतो की जो ट्रॉलरच्या इंजिनचा नुसता आवाज ऐकून सांगतो नोझल गेलाय की पंप. शाळा सातवी-आठवी. कागद एकही नाही. त्याला बँक वर्कशॉपसाठी कर्ज देताना विचारते प्रशिक्षण काय, आखातात नोकरीला जायचं म्हटलं तर एजंट विचारतो सर्टिफिकेट काय. २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच्या अनुभवाला मान्यता द्यायची सोय आहे, आरपीएल म्हणतात त्याला, म्हणजे शिकवायचं फारसं नाही, येतंय ते तपासायचं आणि कागद द्यायचा. ही माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात न्यायाची कल्पना आहे. अशा माणसाला मोबाईलवर थोडं शिकवा, नवीन इंजिनातलं इलेक्ट्रॉनिक, सुरक्षेचे नियम, बिल कसं करायचं, आणि मग एक बिघडवलेलं इंजिन त्याच्यासमोर ठेवा. पास होईल तो. आणि मग त्याची किंमत त्याला मिळेल.

मिळालेलं सर्टिफिकेट डिजीलॉकरमध्येच द्यावं हे वेगळं सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं त्यानंतर किती लोक कागदपत्रांच्या नकला काढायला फिरत होते ते आमच्या भागातल्या प्रत्येक केंद्रवाल्याला माहितीय. लॅमिनेशन केलेली सर्टिफिकेटंसुद्धा चिखलाने गेली होती. डिजीलॉकरमधला कागद २०१६ च्या नियमाने मूळ प्रतीइतकाच मानला जातो, आणि खोटं सर्टिफिकेट खपवणाऱ्या एजंटांनाही त्यामुळे चाप बसतो कारण समोरचा लगेच पडताळून बघू शकतो.

आणि वेळ. शिकण्याचा वेळ ड्युटीत धरा. आठवड्यातून दोन तास नर्सला, शिक्षकाला अधिकृत मिळाले की तो व्हिडिओ आवाज चालू करून बघितला जाईल, एवढं मी माझ्या कोपऱ्यातल्या टेबलाच्या अनुभवावरून नक्की सांगते. रात्री अकरानंतर स्वतःच्या डेटावर सरकारचं प्रशिक्षण करायला लावणं हे बरोबर नाही, आणि त्यात बायकांचंच जास्त मरण आहे.

सरकारी माणसं म्हणतील की एवढे परीक्षक आणायचे कुठून. हा प्रश्न खरा आहे, कारण प्रत्येकाचं काम प्रत्यक्ष बघायचं तर माणसं लागतात आणि माणसांना मानधन लागतं. पण ऑनलाइन शिकवण्यामुळे हॉलचे, जेवणावळीचे, प्रवासभत्त्याचे पैसे वाचतायत ना, ते इकडे वळवा. आणि माणसं आमच्याकडे आहेत. चाळीस वर्षं समुद्रावर काढून गावाला येऊन बाग करणारे चीफ इंजिनीअर आणि बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम, दापोली-गुहागरच्या गावागावात आहेत, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होऊन रिटायर झालेल्या सिस्टर इथे घर बांधून राहिल्यात, मुंबईच्या मिलमध्ये आणि डॉकमध्ये काम केलेले फिटर आहेत. त्यांना कुणी विचारत नाही. दोन दिवस परीक्षक कसं व्हायचं हे शिकवलं, मार्क देण्याचा एकसारखा तक्ता दिला, तर ते हे काम आनंदाने करतील. ओळखीपाळखीची भीती असतेच, लहान जागेत सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात, पुतण्याला काका पास करणार असं लोक म्हणणार. त्यासाठी परीक्षक शेजारच्या तालुक्याचा ठेवावा, गुहागरच्या पोराला दापोलीच्या बोसनने तपासावं आणि दापोलीच्याला गुहागरच्याने, सगळ्याचं मोबाईलवर रेकॉर्डिंग व्हावं आणि त्यातली काही कुठलीही उचलून जिल्ह्याला परत तपासली जावीत. फेरीबोटीने दहा-पंधरा मिनिटांचं अंतर आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी माणूस घरी येतो.